प्रमाण १ : २०००

शनिवारची सकाळची शाळा.
टिमकीच्या गल्लीतून सायकल हातानेच ढकलत नेतो.
कॅरियरवर कागदांची वळकटी, सुतळीने बांधलेली,
हँडलला तेलखडूंची पिशवी.
कुठल्याशा घरात अजून एक माग चालतो,
खटक खटक, मधेच थांबतो, धागा तुटला असेल.
"आले बे चित्रवाले आजोबा!"
गेटला लटकलेला मुजम्मिल आत ओरडतो.
सर म्हण, असं सांगितलं होतं. जाऊ द्या.

चौतीस वर्षं कोळसा कंपनीत नकाशे काढले.
मला चित्रकला येत नाही, हे निमजे मॅडमना
पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.
त्या हजेरी मांडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
"पोरांना तरी कुठे येते? बसा."

कागद मात्र माझ्याकडे रग्गड.
बंद पडलेल्या खाणींचे, रद्द केलेले,
निळ्या रेघांचे, अजून अमोनियाचा वास धरून असलेले.
मागची बाजू कोरी.
चौथी ब ला मागची बाजू पुरते.

पहिले दोन महिने मी सरळ रेघच शिकवत बसलो.
विहंगने पट्टीची तलवार केली.
तृप्तेश हेडाऊने चावून चावून
पट्टीचे दोन सेंटिमीटर कमी केले.
मग पट्ट्या आणणंच सोडलं.
तान्ह्या पोळ्याच्या आधी माती आणली,
अठ्ठावीस बैल झाले, त्यातला एक आडवा.
"मेला नाही सर, थकला तो. उद्या फिरायचं आहे त्याले."

आजचा विषय : आपल्या घरचं माणूस, जेवताना.
आंचल पराते कधी बोलत नाही. आज उठून आली.
"सर, याच्यावर तं कोणी आधीच काढून ठेवलं."
कागद तिने सुलटा धरला होता,
म्हणजे माझ्या बाजूने.
चौकोनाला लागून चौकोन, मधून गॅलऱ्या,
हवा कुठून जाते ते दाखवणारे बाण,
कोपऱ्यात माझी सही, १९९१.
"हे खोल्या आहेत का?"
खांब आहेत ते, म्हटलं. कोळशाचे.
छत कोसळू नये म्हणून तसेच सोडलेले.
"मग इथं कोणीच काहून नाही?"

नकाशावर माणसं काढत नाहीत, बेटा.
असं म्हणायला गेलो आणि आठवेना
हे मला कोणी शिकवलं होतं.
त्या खाणीत मी दोनदा उतरलो,
दोन्ही वेळा साहेबांच्या मागे, टेप धरून.
कोण कुठे बसून डबा खातो
पाहिलं नव्हतं.

तोवर तिने जांभळा खडू उचलला.
एका खांबात माणूस बसवला, मांडी घालून,
पुढे डबा, डब्याबाहेर लोंबणारी पोळी,
आणि मिरची, पोळीहून मोठी.
शेजारच्या खांबात आजी.
"आबाजी एकटे नाही जेवत."
मग कुत्रं. मग बाणावर
धुतलेलं धोतर वाळत घातलं.

सवय जात नाही. मनात हिशोब झालाच :
दोन सेंटिमीटरचा माणूस, एकास दोन हजार,
म्हणजे चाळीस मीटर उंच.
छत तीन मीटरवर.
माझं तोंड उघडलेलं पाहून तिने खडू थांबवला.
"चुकलं का?"

नाही, म्हटलं. पाणी राहिलं.
जेवताना पाणी लागतं.
तिने इकडेतिकडे पाहिलं, रिकामी जागा कुठेच नव्हती,
मग लोटा काढला माझ्या सहीवर.

घंटा झाली तेव्हा अर्ध्या वर्गाने कागद पालथे केले होते.
मुजम्मिलच्या खाणीत क्रिकेट चालू होतं.
पुढच्या शनिवारी पाण्याचे रंग पाहिजेत म्हणतात.
निमजे मॅडम दारातून : "आणि फरशी कोण पुसेल?"
मी पुसीन, म्हटलं,
आणि वळकटी बांधायला सुतळी शोधू लागलो.
ती तृप्तेशच्या बैलाच्या गळ्यात होती.